केंद्र नऊचा अंदाज

१

आमचं ऑफिस एका जलतरण तलावात होतं. लढाई लांबली तशी सरकारने शहरातल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या, आणि वैद्यकीय पुरवठा खात्याच्या वाट्याला हा तलाव आला. पाणी सोडून दिलेलं. तळाच्या निळ्या फरशीवर पेट्या रचलेल्या. रिकाम्या उथळ बाजूला, भरलेल्या खोल बाजूला. आम्ही आराखडे करणारी माणसं कपडे बदलायच्या खोल्यांत बसायचो. माझ्या टेबलामागे अजून पाटी होती : ओल्या अंगाने आत येऊ नये.

काम सोपं होतं. आघाडीवरच्या आपापल्या उपचार केंद्रात पुढच्या आठवड्यात किती जखमी येतील याचा अंदाज बांधायचा. डोकं, छाती, पोट, हात-पाय, भाजलेले असे रकाने. पोटाच्या रकान्यात एक लिहिलं की मोठे पॅड चार, सलाईन सहा, मॉर्फिन दोन. हाताला एक लिहिलं की छोटा पॅड, पट्टी, लाकडी खपची. मग खालच्या तलावात पेटी भरली जायची आणि सोमवारच्या ट्रकने निघायची.

मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन आले होते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी बसून लढाईवर मतं देत होती, तेव्हा मी निदान कुणाचं तरी रक्त थांबवत होते. पहिल्या महिन्यात मला हे जगातलं सगळ्यात मोठं काम वाटायचं. सातव्या महिन्यातही वाटत होतं, फक्त आता पाठ दुखायची आणि डोळ्यांपुढे रकाने नाचायचे.

केंद्र नऊ मी स्वतःहून मागून घेतलं होतं. माझा धाकटा भाऊ तिथल्या तुकडीत होता. घरात त्याला बोका म्हणायचे, कारण त्याला कुठेही झोप लागायची.

पहिल्याच दिवशी पेटीकाकांनी मला खात्याची रीत सांगितली. ते पेट्या भरायचे. तीस वर्षं हेच काम.

"पोरी, सहा हवेत तर नऊ लिही. भांडार एक तृतीयांश कापतं. याला फुगवटा म्हणतात."

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"खरं लिहिलंस तर चार पोचतील. मग दोघांना सत्याने बांध."

मी महिनाभर खरं लिहिलं. मग केंद्राकडून पत्र आलं की पट्ट्या संपल्यावर सदरे फाडून वापरले. त्यानंतर मी फुगवायला शिकले. आणि नऊच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, जरा जास्तच.

२

सातव्या महिन्यात भांडारातला जुना माणूस बदलून गेला. नवा माणूस काहीच कापेना. मला हे दोन आठवड्यांनी कळलं. मी आठ जखमींपुरतं पोचावं म्हणून बारा लिहिले होते, तर बाराच्या बारा जणांचं गेलं होतं.

मला आनंद झाला. उरलेलं परत येईल, पुढे वापरू.

दर शुक्रवारी केंद्रांकडून वापर पत्रकं यायची. काय वापरलं, काय उरलं, काय हरवलं. ती अंदाजाशी कधीच जुळत नसत. गॉज कमी पडायचा, खपच्या उरायच्या, आणि कात्र्या तर कधीच परत यायच्या नाहीत. दर आठवड्याला सहा कात्र्या पाठवा, दर आठवड्याला सहा गायब. आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टरसाहेब म्हणायचे, आघाडीवर कात्र्यांचं झाड लावलंय की काय.

त्या शुक्रवारी नऊचं पत्रक आलं. जखमी बारा. डोकं एक, छाती दोन, पोट एक, हात-पाय सात, भाजलेला एक. माझेच आकडे. उरलेलं सामान : काही नाही. कमी पडलेलं सामान : काही नाही.

खाली एक ओळ होती. कात्र्या सहा, परत.

त्या खरंच परत आल्या होत्या. धुऊन, तेल लावून, एका फडक्यात एकीवर एक ठेवलेल्या. पेटीकाकांनी एक उचलून बोटांत घालून उघडझाप केली. रिकाम्या तलावात तो करकर आवाज चारी भिंतींवरून फिरून आला.

"तीस वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले. त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात मी अकरा जणांचं पाठवलं. अकरा जखमी. त्यापुढच्या आठवड्यात तेरा.

३

मला राग आला. कारण उघड होतं. तिथला कुणीतरी आळशी कारकून माझा आराखडा समोर ठेवून वापर पत्रकात उतरवत होता. माणसं मरताहेत आणि हा पठ्ठ्या नक्कल करतोय! मी कडक पत्र लिहिलं. यापुढे प्रत्येक रिकामी कुपी, प्रत्येक पॅडचं वेष्टन, सलाईनची प्रत्येक बाटली पोत्यात भरून परत पाठवावी. त्याशिवाय नवी पेटी मिळणार नाही.

डॉक्टरसाहेबांनी सही करताना चष्म्यावरून पाहिलं. ते दोन वर्षं आघाडीवर शस्त्रक्रिया करून आलेले, आता हात थरथरतो म्हणून टेबलावर बसवलेले.

"पदवीधर, कचरा मोजणार तुम्ही?"

"खरं काय ते कळायला नको?"

"कळून काय करणार?" ते म्हणाले आणि सही केली.

पोती आली. तीन. मी आणि पेटीकाकांनी ती तलावाच्या मधोमध ओतली. दुपारची वेळ होती, वरच्या काचांतून ऊन फरशीवर पडलं होतं आणि क्लोरीनच्या जुन्या वासात दुसरा एक वास मिसळला होता. आम्ही उकिडवे बसून मोजत गेलो. पेटीकाका मोठ्याने आकडा म्हणायचे, भिंत तो पुन्हा म्हणायची.

मॉर्फिनच्या कुप्या चौदा. पाठवल्या चौदा. मोठे पॅड अठ्ठावीस. पाठवले अठ्ठावीस. सगळ्या वेष्टनांना बोटांचे तपकिरी ठसे.

"बरोबर आहे," पेटीकाका म्हणाले.

"योगायोग असेल."

"असेल की."

"बाकीच्या केंद्रांचं काय? त्यांचंही असंच जुळतं का?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "बाकी कुणी जुळवून बघतच नाही, पोरी."

कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मी विचारलं, नळ चालू राहिलाय का. ते म्हणाले, इथलं पाणी वर्षभरापूर्वीच तोडलं आहे.

४

मी जे केलं ते मी सांगते, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. मला अजूनही खात्री होती की कुठेतरी लबाडी आहे. वेष्टनं फाडून रक्तात बुडवणं काही अवघड नाही. सामान काळ्या बाजारात जात असेल. लबाडी पकडायची तर उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न विचारायचा, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

म्हणून मी त्या आठवड्याच्या आराखड्यात एक अशक्य आकडा घातला. डावा डोळा : तीन. कुठल्याही केंद्रात आठवड्यात डोळ्याची जखम एक, फार तर दोन, आणि तीही डावी-उजवी कशीही. पेटीकाकांनी डोळ्याचे पॅड घालताना विचारलं, "डावे म्हणजे?"

"डाव्या बाजूला फीत असलेले."

"आकडा चुकला नाही ना?"

"नाही."

शुक्रवारी पत्रकात तीन डोळे आले. मी खूश झाले! हीच ती नक्कल. पत्रक हातात घेऊन मी डॉक्टरसाहेबांकडे निघाले, आणि मग वाटलं, जाता जाता समोर खात्री करून घेऊ. रस्त्यापलीकडे लष्करी इस्पितळ होतं. नऊचे जखमी गुरुवारच्या गाडीने तिथेच यायचे.

इस्पितळाचा वऱ्हांडा लांबच लांब होता. भिंतीला लागून लाकडी बाक. परिचारिकेला मी विचारलं, केंद्र नऊचे कोण आहेत? तिच्या हातात दोन ट्रे होते. तिने हनुवटीने दाखवलं.

तिघं एका बाकावर बसले होते. अंतर सारखं सोडून. तिघांच्या डाव्या डोळ्यावर आमचा पॅड, फीत डाव्या बाजूला. त्यातला मधला अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याने उजवा डोळा माझ्याकडे वळवला, मग माझ्या हातातल्या कागदाकडे, आणि बाकावर जरा सरकून जागा केली, जणू मी तिथे बसायला आले होते.

मी परत आले. पत्रक खणात ठेवलं. दुपारभर कुणी काही विचारलं की मी "हो" म्हणत होते.

५

सोमवारचा आराखडा मी कोरा घेऊन गेले. सगळ्या रकान्यांत शून्य.

डॉक्टरसाहेबांनी तो बघितला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे काय?"

मी सगळं सांगितलं. कात्र्या, पोती, तीन डोळे. सांगताना मला माझाच आवाज परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या मुलीसारखा वाटला. डॉक्टरसाहेबांचा उजवा हात टेबलावर थरथरत होता, त्यावर त्यांनी डावा ठेवला.

"याला साधं कारण आहे," ते म्हणाले. "वरचे लोक चढाई कुठून करायची हे ठरवताना बघतात, सामान कुठे भरपूर आहे. तुम्ही नऊला जास्त पेट्या पाठवता. म्हणून नऊवरून जास्त चढाया होतात. म्हणून जखमी जास्त."

"आणि डावे डोळे?"

"वाऱ्याची दिशा. खंदकाचा कोन. एकाच बाजूने उडालेले दगड. मी दोन वर्षं तिथे होतो. एका दिवसात अकरा गुडघे पाहिलेत मी."

"मग शून्य पाठवून बघू. माझं चुकलं तर सिद्ध होईल."

"आणि चुकलंच, एखाद्याचा पाय तारेत अडकला, आणि पेटीत पट्टी नाही?" ते पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "तुमच्या सिद्धतेसाठी मी माणूस रक्त वाहून मरू देणार नाही. शून्यावर माझी सही मिळणार नाही."

मी उभीच राहिले. मला माहीत होतं, ते बरोबर बोलत होते. मला हेही माहीत होतं, की महिनाभरात नऊच्या तुकडीत किती माणसं कमी झाली आणि त्यांच्या जागी किती नवी आली. ती सगळी मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिली होती. माझा भाऊ तिथे होता म्हणून जास्त सामान. जास्त सामान म्हणून जास्त जखमी.

"कमीत कमी किती?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. "एक. एक तरी लिहा."

६

एक कुणीतरी असणारच होता.

हे मला जिन्यातच कळलं. नऊच्या तुकडीतल्या तीस माणसांतला एक. कुणाचा तरी भाऊ. मी तत्त्वाच्या गोष्टी करणारी. सगळ्यांना समान, कुणालाही वशिला नाही, यावर कॉलेजात भाषण ठोकलेली. मी टेबलाशी बसले आणि पेन्सिलीला टोक काढत राहिले.

डावा हात. किरकोळ. पॅड एक, पट्टी एक, टाके तीन. किरकोळ जखमीला एकवीस दिवसांची रजा मिळते, घरी. मग औषधाचा रकाना. सगळ्यांना पेनिसिलिन जायचं. बोक्याला ते चालत नव्हतं. लहानपणी एकदा दिलं तेव्हा त्याचं तोंड इतकं सुजलं होतं, की आई रडत होती आणि मी आरसा आणून त्याला दाखवत होते. त्या तुकडीत पेनिसिलिन न चालणारा तो एकटाच. त्याच्या कागदांवर लाल शाईत तसं लिहिलेलं होतं.

मी पेनिसिलिन खोडलं आणि दुसऱ्या कॅप्सूलचं नाव लिहिलं. एका माणसाचा, सात दिवसांचा डोस.

माझा यावर विश्वास नव्हता. विश्वास असता तर मी ते लिहू शकले नसते.

पेटीकाकांनी यादी वाचली. एवढी लहान यादी वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते खोल बाजूला गेले, सगळ्यात छोटी पेटी घेऊन आले, आणि त्या चार वस्तू आत ठेवल्या. पेटी हलवली तर आत खुळखुळायच्या, म्हणून त्यांनी भोवती कापूस दाबला.

"भाऊ कसा आहे गं तुझा?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"हं," ते म्हणाले आणि झाकण ठोकलं.

७

बोका पुढच्या शनिवारी घरी आला. डावा हात गळ्यात. आईने दारातच त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग आठवडाभर ती कुणाशीही बोलताना मधेच हसायची. "एवढंसं लागलं," ती शेजाऱ्यांना करंगळी दाखवून सांगायची, "एवढंसं!"

तो पहिले चार दिवस झोपला. खुर्चीत, जमिनीवर, एकदा आंघोळीला पाणी तापत होतं तेवढ्यात. मी त्याच्याकडे बघत बसायचे आणि मला वाटायचं, मी जिंकले आहे. लाज वाटायची, पण वाटायचं.

पाचव्या दिवशी दुपारी मी त्याचा हात बांधत होते. जखम तळव्यावर आडवी होती. सरळ. कडा इतक्या स्वच्छ, की फूटपट्टी लावून ओढल्यासारख्या.

"कशाने झालं रे?"

"काय माहीत."

"काय माहीत काय, बोक्या? झोपला होतास?"

तो हसला नाही. हात माझ्या मांडीवर तसाच ठेवून तो खिडकीकडे बघत राहिला.

"पेटी आली की आम्ही मोजतो," तो म्हणाला.

"कोण?"

"सगळेच. ट्रक आला की सगळे गोळा होतात. जेवण टाकून. परिचारक एकेक वस्तू बाहेर काढून चादरीवर मांडतो. पोटाचे पॅड किती, डोक्याच्या पट्ट्या किती. आधी चेष्टा करायचो, हे तुझं, हे माझं. आता कुणी बोलत नाही. मोजून झालं की जो तो आपल्या जागेवर जातो आणि वाट बघतो."

मला पट्टी सुटू द्यायची नव्हती. मी ती घट्ट धरून ठेवली.

"त्या दिवशी चारच वस्तू निघाल्या. परिचारकाने पेटी उलटी करून झटकली, कापूस पडला फक्त. मग त्याने कॅप्सूलचं पाकीट वाचलं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ताई, ते हसत होते गं. कुचेष्टेने नाही. आनंदाने. एकानं मला मिठी मारली. एकच होतं ना. आणि तेही एवढंसं."

"मग?"

"मग परिचारक पॅड हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. दोन तास. इकडचं तिकडचं बोललो. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय. ऊन होतं. कुठेही काही आवाज नव्हता, पलीकडूनसुद्धा नाही. मी हात असा मांडीवर उघडा ठेवला होता, आधीच. कुठे ठेवायचा ते कुणी सांगितलं नाही मला."

"आणि कुणी मारलं?"

"कुणीच नाही. आम्ही सगळे बघत होतो, ताई. उघड्या डोळ्यांनी. हात चांगला होता, आणि मग नव्हता. परिचारकानं पॅड लगेच दाबला. सांडलंसुद्धा नाही फारसं."

८

एकवीस दिवस पूर्ण झालेच नाहीत. तेराव्या दिवशी, गुरुवारी, तार आली : किरकोळ जखमींनी सोमवारी हजर व्हावं. त्याच दुपारी डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं आणि एक चिठ्ठी पुढे सरकवली. ती वरून आली होती. केंद्र नऊ : जखमी तीस धरावेत.

"तिथे माणसंच तीस आहेत, साहेब."

"माहीत आहे."

"माझा भाऊ धरून तीस."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना भावाचं माहीत नव्हतं. त्यांचा थरथरणारा हात एकदम थांबला, आणि ते मला थरथरण्याहून भयंकर वाटलं.

"आकडा माझ्या हातात नाही," ते हळूच म्हणाले. "डोकं किती, पोट किती, हे तक्त्याप्रमाणे तुम्ही वाटता. त्यावर मी फक्त सही करतो. बघत नाही." आणि पुन्हा म्हणाले, "मी बघणार नाही."

रविवारी दुपारी मी आराखडा घरी आणला. आत आई बोक्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. ती दर वेळी पाणी शिंपडायची आणि चर्र आवाज यायचा. बोका माझ्यासमोर येऊन बसला. खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"निघताना दिला त्यांनी. म्हणाले, तुझी बहीण त्या खात्यात आहे ना, पेटी भरणाऱ्या साहेबांपर्यंत पोचव. मी तुझं नाव नाही सांगितलं."

"तुला कधी कळलं?"

"कॅप्सूल बघितली तेव्हाच. माझं तोंड सुजलेलं तुझ्याइतकं कुणाला आठवतंय?"

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

कागदावर तीस ओळी होत्या. आकडे घातलेले, प्रत्येक ओळ वेगळ्या अक्षरात. वर लिहिलं होतं : माननीय साहेब, आपण काय पाठवावं हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु सोयीचं असेल तर विचार व्हावा.

एक. उजवा हात नको, मी सुतार आहे. दुसरं काहीही.

चार. डावा कान. तसाही त्याने कमीच ऐकू येतं.

नऊ. दोन्ही पाय गेले तरी चालतील, पण गुडघ्याखाली.

बारा. मुलगी अजून पाहिलेली नाही. डोळे सोडून.

सतरा. माझ्यासाठी खर्च करू नये, माझा वाटा बाराला द्यावा.

बावीस. काहीही चालेल, पण लवकर.

मी सगळ्या वाचल्या. मग पुन्हा. जे पाठवलं नाही ते होणार नाही, असं त्या तिसांनी गृहीत धरलं होतं. मी तक्ता काढला. तक्ता म्हणत होता, तिसांत डोकी तीन, छाती चार, पोटं तीन. मी तक्त्याची घडी घातली आणि तो खुर्चीखाली टाकला. तीसच्या तीस हात, पाय, कान. डोकं शून्य. छाती शून्य. पोट शून्य. असं जगाच्या पाठीवर कधी झालेलं नसेल. मी पेन्सिल घेऊन एकेक ओळ उतरवायला लागले. सुताराला डावा खांदा. बाराला पोटरी. सतराने काहीच मागितलं नव्हतं. त्याला मी करंगळी दिली. हात दुखायला लागला तरी थांबले नाही. आतून चर्र. पुन्हा चर्र.

शेवटची ओळ कोरी होती. तीस, आणि पुढे काही नाही.

"ही कुणाची?"

"माझी," बोका म्हणाला. "मला सुचेना. तू भर."

"काय भरू?"

"किरकोळ नको. किरकोळ असलं की परत बोलावतात." हे त्याने आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. मग खुर्चीत मागे रेलून त्याने डोळे मिटले. "तुला योग्य वाटेल ते, ताई. मला सांगू नकोस फक्त."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे हात, कोपरं, खाली फरशीवर टेकलेली अनवाणी पावलं. मी पेन्सिल ओळीवर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. त्याला खरोखरच झोप लागत चालली होती. मी पुढे वाकून त्याच्या गुडघ्याला हळूच हात लावला.

"बोक्या," मी विचारलं, "जिना उतरताना तू आधी कोणता पाय टाकतोस रे?"